कागदाचा मान

इसवी सन 1782, मार्गशीर्षातली सकाळ. तुम्ही शनिवारवाड्यातल्या फडावरचे नवखे कारकून आहात. डोक्याला पागोटं, कानावर बोरू, काखेत दप्तर. माघात श्रीमंतांचं लग्न आहे. नवरदेव सवाई माधवराव अजून नऊ वर्षांचेही नाहीत. नवरी थत्त्यांच्या घरची. सालबाईचा तह होऊन सातच महिने झालेत, इंग्रजांशी सात वर्षं चाललेली झुंज आत्ता कुठं थांबलीय. अशा वेळी नाना फडणविसांना हे लग्न नुसतं उरकायचं नाहीये. पुण्याची गादी ताठ उभी आहे, हे साऱ्या हिंदुस्थानाला दिसायला हवं.

तुमच्या वाट्याला आलेलं काम छोटं वाटतं: हैदराबादेला, निजामाकडं जायच्या निमंत्रणासाठी कागद तयार करून आणायचा.

तुम्ही कसब्यातल्या कागदीपुऱ्यात शिरता. जुन्नरकडून येऊन इथं वसलेल्या कागद्यांची ही वस्ती. आधी वास येतो, भिजलेल्या गोणपाटाचा आणि चुन्याचा. मग ढेंकीचा ठोका ऐकू येतो. जुनं तरट, सुतळ्या, दोरखंड चुन्याच्या पाण्यात मुरवून कुटायचे, मुठेच्या पाण्यात धुवायचे, पुन्हा कुटायचे. त्या लगद्यातून गवती काड्यांच्या चाळणीवर ताव उचलायचा आणि भिंतीला चिकटवून वाळवायचा. वाळलेल्या तावाला खळ लावून तो घोटला, की बोरू त्यावर अडखळत नाही.

उस्ताद तुमच्यापुढं दोन ताव टाकतात. एक रोजच्या हिशेबाचा जुन्नरी, दुसरा दौलताबादी. तुम्ही दौलताबादी उन्हाकडं धरता. चाळणीच्या काड्यांच्या बारीक रेघा दिसतात. कोपऱ्याला जिभेचं टोक लावता. ओल लगेच आत शिरली असती तर खळ कमी पडली म्हणायचं. शिरत नाही.

“हाच,” तुम्ही म्हणता.

“मग सोनं किती, पंत?”

उत्तर तुमच्याकडं नाही. उस्ताद हसतात आणि कामाला लागतात. तावावर पातळ खळीचा हात फिरवतात. एका टोकाला जाळी बांधलेल्या नळकांड्यात सोन्याचा वर्ख टाकतात आणि आत कुंचला फिरवू लागतात. वर्ख जाळीवर घासून तुटतो आणि चुरा होऊन ओल्या तावावर उतरतो. तुम्ही नकळत श्वास रोखता, कारण एका फुंकरीनं सगळं उडेल. जाळी बारीक असेल तर सोनेरी धूळ, मोठी असेल तर टिकल्या. हात एका जागी रेंगाळला की तिथं डाग पडतो, म्हणून उस्तादांचा हात थांबत नाही. ताव वाळला की अकीकाच्या दगडानं घोटायचा. तोवर सोनं कागदावर बसलेलं असतं. घोटल्यावर ते कागदात जातं. तुम्ही बोट फिरवून बघता. टिकली डोळ्यांना दिसते, बोटाला लागत नाही.

तेवढ्यात फडताळातल्या एका जुन्या तुकड्यावर तुमची नजर जाते. निळ्या-तांबड्या लाटा, जणू नदीच्या पुरात रंग सांडलेत. हा अबरी कागद. दीडशे वर्षांपूर्वी विजापूरसारख्या दख्खनी दरबारांत याचं मोठं कौतुक होतं. तिथल्या चित्रकारांनी तर अबरीतून घोडे आणि स्वारही उभे केले. उस्ताद कृती सांगतात: पाणी दाट करून परातीत ओतायचं, त्यावर गुळीचे, हिंगुळाचे थेंब सोडायचे. थेंब बुडत नाहीत, पसरतात. फणी फिरवली की लाटा उठतात. मग तुरटीचा हात दिलेला कोरा ताव अलगद वर टेकवायचा. खाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तिथं पांढरा डाग पडणारच.

तुम्हाला मोह होतो. पत्राला याचाच हाशिया, म्हणजे काठ, लावला तर?

फडावर परतल्यावर वडील कारकून तो मोह एका वाक्यात उतरवतात. “नबाबानं आधी कागद बघावा हे खरं, पण नुसता कागदच बघत बसू नये.” हाशिया रद्द होतो, सोन्याचा ताव मंजूर होतो.

आता आखणी. हैदराबादेचं पत्र फारसीत, म्हणजे ते पारसनिसांच्या हातचं. मजकूर थोडका: लग्न ठरलं आहे, यावं. मायनाच त्याहून लांब. शिवाय वर सोन्यानं शिंपलेली मोकळी जागा सोडायची. त्या जागेवर एक अक्षरही नसतं, पण मान तीच सांगते. लिहून झालेलं पत्र घडी घालून किनखाबी थैलीत जातं. थैलीचं तोंड रेशमी दोरीनं बांधतात, दोरीवर लाख, लाखेवर मोहोर.

साताऱ्याच्या पत्राचं गणित उलटं. तिथं दुसरे शाहू महाराज, म्हणजे धनी. सत्ता पुण्यात असली तरी पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव येतं, मग पेशव्यांचं. तिथं आर्जवानं लिहायचं. डौल दाखवायचा तो दुसऱ्यांना. आणि या दोन्हींच्या आधी कसबा गणपतीला अक्षत. त्याला कागद लागत नाही.

संध्याकाळी तुम्ही नागपूरकर भोसल्यांच्या पत्राला हात घालता. हाताशी एक ताव उरलाय, त्यावर सोनं जरा विरळ पडलंय. चालून जाईल, असं तुम्हाला वाटतं. नागपूरहून कोण हैदराबादचा कागद बघायला जाणार आहे?

वडील कारकून तो ताव बाजूला काढतात. साऱ्या दरबारांचे वकील पुण्यातच राहतात, ते तुमच्या लक्षात आणून देतात. हैदराबादच्या थैलीला कुठलं किनखाब लागलं, हे नागपूरच्या वकिलाला उद्या दुपारपर्यंत कळलेलं असेल. परवा त्याचं पत्र धन्याकडं निघेल. त्यात लग्नाची तिथी एका ओळीत असेल आणि थैलीचं वर्णन चार ओळींत.

उस्तादांचा प्रश्न तुम्हाला आत्ता उमगतो. सोनं किती, हे कागदावर ठरत नाही. शेजाऱ्याला किती गेलं त्यावर ठरतं. तुम्ही दप्तर उचलता आणि दिवेलागणीच्या आत पुन्हा कागदीपुऱ्याची वाट धरता.