मोटारगाडीतील फ्यूज व रिले

मोटारगाडीतील फ्यूज व रिले : विद्युत् मंडलातील तारा जळू नयेत म्हणून बसवलेली वितळतार म्हणजे फ्यूज, लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारा किंवा तोडणारा विद्युत् चुंबकीय स्विच म्हणजे रिले. दोन्ही एकाच पेटीत शेजारीशेजारी बसतात आणि बहुतेक हाताने काढता-घालता येतात. हॉर्न, वायपर, खिडकीची काच किंवा मोबाइल चार्जर अचानक बंद पडला की पहिली तपासणी यांचीच होते. आजच्या मध्यम आकाराच्या गाडीत काही डझन फ्यूज असतात. त्यांपैकी कोणता कुठे आहे, तो खरोखर उडाला आहे का आणि त्या जागी नेमका कोणता घालायचा, हे तीन प्रश्न या कामाचे सार होत.

तत्त्व : फ्यूज उपकरण वाचवतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो उपकरणाकडे जाणारी तार वाचवतो. गाडीचा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. कारागीर त्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. धन तारेचे वेष्टन कुठेही सोलवटून ती पत्र्याला टेकली, की उपकरणाला वगळून मंडल पुरे होते. १२ व्होल्टच्या बॅटरीचा माणसाला झटका बसत नाही, पण अशा वेळी ती शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. तेवढ्याने तार लाल होते, वेष्टन पेटते आणि एकाच जुडग्यातून जाणाऱ्या इतर ताराही होरपळतात. म्हणून फ्यूजवरचा आकडा तारेच्या जाडीशी बांधलेला असतो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे त्याच तारेला नऊपट उष्णता सोसायला लावणे होय.

फ्यूज हा ठरल्या आकड्याला तत्क्षणी तुटणारा धागा नव्हे. पात्याचा फ्यूज आपल्या क्षमतेच्या ११० टक्के प्रवाह किमान १०० तास पेलतो, १३५ टक्क्यांना दहा मिनिटांच्या आत वितळतो आणि ३५० टक्क्यांना अर्ध्या सेकंदाच्या आत. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढते, तो या सवलतीमुळे निभावतो. सतत चालणाऱ्या भारासाठी मात्र क्षमतेच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपासच प्रवाह राहील असा हिशेब धरतात. उदाहरणार्थ, ५५ वॉटचे दोन हेडलाइट बल्ब मिळून सुमारे ९ अँपिअर घेतात. तरी अनेक गाड्यांत दोहोंना एक फ्यूज न देता डाव्या-उजव्या दिव्यांना स्वतंत्र फ्यूज देतात. एक उडाला तरी रात्रीच्या रस्त्यावर दुसरा दिवा शाबूत राहतो.

फ्यूजचे प्रकार : जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत काचेच्या नळीतले, तर युरोपीय गाड्यांत टोकदार चिनी मातीच्या कांडीवर धातूची पट्टी असलेले फ्यूज होते. स्प्रिंगदार पट्ट्यांमध्ये अडकवलेली ही कांडी गंजली किंवा सैल झाली की फ्यूज शाबूत असूनही दिवे मिणमिणत. अमेरिकेतील लिटेलफ्यूज या कंपनीने १९७६ मध्ये प्लास्टिकच्या कवचातून दोन पाती बाहेर आलेला फ्यूज आणला. तोच पुढे जगभर रूढ झाला. त्याचे मूळ आकारमान सुमारे १९ मिमी. रुंद आहे. ‘मिनी’ सुमारे ११ मिमी. आणि ‘मायक्रो’ त्याहून अरुंद असतो. ‘मायक्रो ३’ या प्रकाराला तीन पाती असून एकाच कवचात दोन फ्यूज असतात. रेडिएटरचा पंखा, ब्लोअर अशा जड भारांसाठी सुमारे २९ मिमी. रुंदीचा ‘मॅक्सी’ किंवा चौकोनी डबीसारखा कार्ट्रिज फ्यूज वापरतात. बॅटरीच्या धन टोकालगत पट्टीसारखे, बोल्टने आवळलेले शंभर अँपिअर आणि त्याहून मोठ्या क्षमतेचे मुख्य फ्यूज असतात. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, क्षणभर शेकडो अँपिअर ओढते. त्यामुळे तिची जाड केबल पुष्कळदा फ्यूजविनाच बॅटरीशी जोडलेली असते.

मूळ, मिनी व मायक्रो आकारांतील रंगसंकेत असा :
३ अँपिअर – जांभळा
५ अँपिअर – फिकट बदामी
७.५ अँपिअर – तपकिरी
१० अँपिअर – लाल
१५ अँपिअर – निळा
२० अँपिअर – पिवळा
२५ अँपिअर – पांढुरका पारदर्शक
३० अँपिअर – हिरवा

रंगावर डोळे मिटून विसंबू नये. लाल मिनी फ्यूज १० अँपिअरचा, पण लाल मॅक्सी ५० अँपिअरचा असतो. मिनीत निळा १५ चा, तर मॅक्सीत ६० चा. उन्हातान्हात रंग विटतात, बदामी आणि तपकिरी एकमेकांसारखे दिसू लागतात. डोक्यावर छापलेला आकडा हाच खरा पुरावा.

रिलेची रचना : रिलेच्या डबीत लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेले वेटोळे, चुंबकाने ओढली जाणारी पट्टी आणि संपर्कबिंदू असतात. वेटोळ्याचा रोध सामान्यतः ८० ओहमच्या आसपास असल्याने ते जेमतेम ०.१५ अँपिअर घेते. संपर्क मात्र ३० ते ४० अँपिअर पेलतात. यामुळे स्टिअरिंगवरच्या नाजूक बटणापर्यंत बारीक तार नेली तरी भागते आणि जाड तार बॅटरी ते उपकरण एवढ्या जवळच्या वाटेने जाते. तारेची लांबी घटली की व्होल्टेजची गळतीही घटते. मोटारीतील सर्वांत जुन्या रिलेंपैकी एक ‘कटआऊट’ हा होता : इंजिन बंद पडल्यावर बॅटरीतील वीज उलट डायनॅमोत वाहू नये म्हणून तो दोहोंतला संबंध तोडत असे.

जर्मन मानकातून आलेले टोकांचे क्रमांक जगभर चालतात. ८५ व ८६ ही वेटोळ्याची टोके, ३० हे बॅटरीकडून येणारे, ८७ हे उपकरणाकडे जाणारे. पाच पायांच्या रिलेत ८७ए हे जादा टोक असते. रिले निद्रिस्त असताना ३० त्याच्याशी जोडलेले राहते. दिसायला जुळे भासणारे रिले आतून वेगळे असू शकतात. काहींत ३० व ८६ यांच्या जागा अदलाबदल केलेल्या असतात. काहींत वेटोळ्याला समांतर डायोड असतो आणि त्याची दिशा चुकली तर तो जळतो. म्हणून बदली रिले घेताना आकारापेक्षा कवचावरचा भाग क्रमांक व मंडलाची आकृती पडताळावी.

स्थान : बहुतेक गाड्यांत किमान दोन पेट्या असतात. बॉनेटखाली बॅटरीलगत झाकणबंद काळी पेटी असते. तीत रेडिएटर पंखा, एबीएस, हॉर्न, हेडलाइट, इंधन पंप अशी मोठी व इंजिनाशी निगडित मंडले येतात. दुसरी पेटी आत, डॅशबोर्डखाली चालकाच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या दाराकडील बाजूस किंवा ग्लव्हबॉक्सच्या मागे असते. तीत रेडिओ, काचा, वायपर, चार्जरचे सॉकेट, आतले दिवे सापडतात. बॅटरी डिकीत असलेल्या गाड्यांत तिसरी पेटी तिथेच मिळते. डाव्या स्टिअरिंगसाठी आखलेली गाडी उजव्या स्टिअरिंगच्या देशात विकताना पेटी पुष्कळदा मूळ जागीच ठेवतात. काही फ्रेंच गाड्यांत याच कारणाने ग्लव्हबॉक्सची निम्मी जागा फ्यूजपेटीने खाल्लेली दिसते.

झाकणाच्या आतल्या बाजूस किंवा मालकपुस्तिकेत नकाशा असतो. एकच नकाशा साऱ्या उपप्रकारांसाठी छापतात, त्यामुळे रिकाम्या खाचा म्हणजे फ्यूज हरवले असे नव्हे. ती सोय त्या गाडीत नसते एवढाच अर्थ. एका फ्यूजवर अनेकदा दोन-तीन उपकरणे असतात. बंद पडलेल्या उपकरणासोबत आणखी काय बंद आहे हे आधी पाहिले, तर शोध निम्म्यावर येतो : रेडिओ आणि आतला दिवा एकदम गेले तर संशय सामाईक फ्यूजवर, एकटाच दिवा गेला तर आधी बल्बवर.

तपासणी : फ्यूज उपसून उजेडात धरला की आतली पट्टी सलग की तुटलेली ते सहसा दिसते. तुटण्याची तऱ्हाही बोलकी असते. पट्टी मधोमध नुसती वितळून टोके गोलावली असतील तर भार हळूहळू वाढला. कवच आतून काळवंडून धातूचे शिंतोडे उडाले असतील तर तार थेट अर्थला टेकून शॉर्ट झाली. केसाएवढी चीर डोळ्याला चकवते, म्हणून टेस्ट लॅम्प अधिक भरवशाचा. त्याचा चिमटा पत्र्याला लावून, चावी फिरवून, फ्यूजच्या डोक्यावरील दोन्ही उघड्या धातुबिंदूंना टोक लावावे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठीक. एकीकडेच लागला तर उडालेला. कुठेच नाही तर वीज त्या खाचेपर्यंत पोहोचतच नाही. एअरबॅगच्या मंडलात मात्र टेस्ट लॅम्प लावू नये.

रिलेची पहिली परीक्षा कानाची. बटण दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज आला तर वेटोळे जिवंत आहे, पण संपर्कबिंदू जळले असतील तर आवाज येऊनही वीज पुढे जात नाही. अशा वेळी त्याच भाग क्रमांकाचा रिले, बहुधा हॉर्नचा, काढून संशयिताच्या जागी घालतात. उपकरण चालले तर दोष सापडला. याच्या उलट दोष म्हणजे संपर्क चिकटणे : पंखा इंजिन बंद झाल्यावरही फिरत राहतो आणि सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. पण काही गाड्यांत गरम इंजिन थंड करण्यासाठी पंखा थोडा वेळ मुद्दामच चालू राहतो, हेही ध्यानात घ्यावे.

बदलण्याची रीत : चावी बंद करून काढून घ्यावी व संबंधित उपकरणही बंद ठेवावे. झाकणात खोचलेल्या प्लास्टिकच्या चिमट्याने फ्यूज सरळ वर ओढावा. पक्कडीने पिळून काढल्यास पाती तुटून खाचेत अडकतात. त्याच आकाराचा व त्याच आकड्याचा फ्यूज दोन्ही पाती समान दाबत पूर्ण बसवावा. अर्धवट बसलेला फ्यूज तापतो आणि खाच वितळवतो. रिले हलक्या हाताने आलटून-पालटून थोडा डुलवत काढावा. बोल्टचा मुख्य फ्यूज बदलण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवणे आवश्यक आहे, नाहीतर पाना पत्र्याला टेकताच ठिणग्या उडतात. बॅटरी सोडल्यावर घड्याळ, रेडिओचा सांकेतिक अंक किंवा काच आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा जुळवावी लागते. झाकण पुन्हा घट्ट बसले पाहिजे. पावसाळ्यात आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत उघड्या पेटीतील पितळी खाचांवर हिरवट गंज चढायला वेळ लागत नाही.

दुसऱ्यांदा उडाल्यास : एकदा उडालेला फ्यूज बदलून पाहण्यात गैर नाही, तोच पुन्हा उडाला तर दोष पुढे तारेत किंवा उपकरणात आहे. घरातल्या किटकॅट फ्यूजला हाती लागेल ती तार बांधायची जुनी सवय इथे घातक ठरते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून किंवा तारेचा तुकडा खोचून गाडी चालू होते खरी, पण तेव्हापासून मंडलातील सर्वांत दुबळा दुवा पेटीत न राहता गालिच्याखाली किंवा डॅशबोर्डमागे सरकतो.

शॉर्ट शोधण्याची वायरमनची रीत सोपी आहे. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडायचा : शॉर्ट असेल तर तो झगझगीत पेटतो, पण प्रवाह दोन अँपिअरपलीकडे जात नाही. मग एकेक उपकरण सोडवत व तारांचे जुडगे हलवत गेले की ज्या ठिकाणी बल्ब विझतो तिथे दोष. नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत : दार आणि डिकीच्या बिजागरीपाशी वाकणाऱ्या तारा, उंदरांनी कुरतडलेले वेष्टन, नंतर बसवलेले हॉर्न, फॉग लॅम्प व रिव्हर्स कॅमेरे. चार्जरच्या सॉकेटचा फ्यूज वारंवार उडतो त्यामागे टायरमध्ये हवा भरणारा पंप किंवा सॉकेटमध्ये पडलेले नाणे असते. हेडलाइटमध्ये मूळ ६०/५५ वॉटऐवजी १००/९० वॉटचे बल्ब घातले तर फ्यूज उडतो. मोठा फ्यूज घालून तो गप्प केला तर होल्डर वितळतो.

वर्ज्य मंडले : हायब्रिड व विद्युत् गाड्यांतील नारिंगी वेष्टनाच्या केबल शेकडो व्होल्टच्या असतात, त्यांच्यावरील फ्यूजना प्रशिक्षित कारागिरानेच हात लावावा. एअरबॅगच्या मंडलाचेही तसेच. साधा पात्याचा फ्यूज ३२ व्होल्टपर्यंतच्या मंडलासाठी असतो. ४८ व्होल्टच्या मंडलात तो वितळला तरी आत ठिणगीची कमान तुटत नाही, म्हणून तिथे अधिक व्होल्टेजचे फ्यूज लागतात.

बदलते तंत्र : इंडिकेटरचा ‘टिक्-टिक्’ करणारा रिले बहुतेक नव्या गाड्यांतून गेला आहे, लुकलुक आता संगणकीय नियंत्रक करतो आणि तो आवाज केवळ सवयीखातर स्पीकरमधून ऐकवला जातो. अर्धवाहक स्विच प्रवाह सतत मोजतात, मर्यादा ओलांडताच तो तोडतात आणि दोष दूर झाल्यावर पुन्हा जोडतात. फ्यूज व रिले अशी दोन्ही कामे एकाच चिपमध्ये होत असल्याने बदलण्यासारखे काही उरत नाही. दोष निदानयंत्राच्या पडद्यावर वाचावा लागतो. या स्विचची मर्यादा आज्ञावलीत लिहिलेली असली, तरी ती ठरते पूर्वीसारखीच : पुढे गेलेली तार किती उष्णता सोसेल यावरून.