रंग न चढलेला आंबा

गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत खरा मान मानकुरादचा. हे नाव पोर्तुगीज 'माल्कोरादा'वरून, म्हणजे 'रंग नीट न चढलेला' यावरून आले असे मानतात. नावे ठेवली सालीला. गोवेकरांनी निवड केली ती चवीवर!

बाठीतून उगवलेले झाड बहुधा आईसारखे फळ देत नाही, कारण परागकण दुसऱ्या झाडाचे असू शकतात. आवडलेली चव टिकवायची तर कलमच हवे. गोव्यात आंब्याच्या कलमांचे श्रेय १५४२ पासून तेथे आलेल्या जेसुइट पाद्र्यांना दिले जाते. कलमांमुळे नाव सांगून आंबा घेता येऊ लागला. (रायवळाची उपेक्षाही तिथूनच सुरू झाली असावी.)

नाव जात सांगते, पक्वता नाही. पिकताना फळ इथिलीन वायू सोडते. पिष्टाची साखर होते, हरितद्रव्य मोडते. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलीन कोवळ्या फळाचाही रंग पालटतो, पण त्यात पिष्टच पुरेसे साठलेले नसेल तर गोडी कुठून येणार? फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, तरी वापर थांबलेला नाही. तेव्हा देठाजवळचे खांदे भरलेले आहेत का ते पाहावे आणि देठाशी हुंगावे. मानकुराद घेणारे तेच करतात.