तांदूळ आळीतला मुक्काम

पुण्याला तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे, तपकीर गल्लीही आहे; पण तांदूळ आळी असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ती मला भेटली बँकॉकला! तिचे तिकडचे नाव खाव सान. शेतात असते ती साळ, कोठीत असतात ते तांदूळ आणि पानात पडतो तो भात, हा विवेक जसा आपल्या भाषेत आहे तसाच थायी भाषेतही आहे. ‘खाव सान’ म्हणजे नेमके आपले तांदूळ, सडून कोठीत भरलेले. राजा चुलालोंगकोर्न याच्या कारकिर्दीत, १८९२ साली, हा रस्ता बांधला गेला. लांबी जेमतेम चारशे मीटर. जवळच्या कालव्यांतून तांदळाच्या होड्या येत, म्हणून येथे तांदळाचा बाजार. पुढे तांदूळ गेले आणि त्यांच्या जागी आले पाठीवर बोचके मारून जगभर हिंडणारे तरुण. स्वस्त खोल्यांचा रस्ता म्हणून या आळीचे नाव साऱ्या जगात झाले.

मी तेथे गेलो तो काही तरुण म्हणून नव्हे. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवून नुकताच सेवानिवृत्त झालो होतो. सिंगापूरला नोकरी करणाऱ्या पुतण्याने आम्हां दोघांना विमानाचे भाडे पाठवले, आणि परतताना आम्ही मलायाच्या बटरवर्थ स्थानकावरून आगगाडीने बँकॉकला आलो. तारीख होती २७ जून १९९७, वार शुक्रवार. ही तारीख लक्षात राहण्याचे कारण पुढे येईलच.

परक्या गावी रात्र काढायची कुठे, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. सयामात त्याचे पहिले उत्तर देवळाने दिले. तिकडच्या प्रत्येक विहाराच्या आवारात चार खांबांवर उभे असलेले, भिंती नसलेले छप्पर असते. त्याला म्हणतात ‘साला’. शब्द आपलाच, शाला. आपली धर्मशाळा म्हणा ना! वाटसरूने यावे, पथारी पसरावी, सकाळी चालते व्हावे. भाडे नाही, नोंद नाही. हॉटेलला मात्र थायी शब्द आहे ‘रोंग रेम’. रोंग म्हणजे मोठी इमारत, आणि रेम म्हणजे रात्र बाहेर काढणे. गंमत अशी, की कृष्णपक्षालाही थायी लोक रेमच म्हणतात. दिवाळीची अमावास्या त्यांच्या पंचांगात ‘रेम’मधलीच ठरेल. घरापासून दूर काढलेली रात्र आणि चंद्र उतरणीला लागलेली रात्र यांना एकच शब्द कोणी योजला असेल तो असो. परगावी मुक्काम केलेल्या माणसाला तो पटल्याशिवाय राहणार नाही.

बँकॉक शहर तसे वयाने लहान. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथ्या उद्ध्वस्त केली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १७८२ साली, पहिल्या रामाने चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर नवी राजधानी मांडली. तिचे पूर्ण नाव म्हणावयाचे तर श्वास पुरत नाही. त्यात अमर आहे, रत्न आहे, महेंद्र आहे, अयोध्या आहे. ही नगरी इंद्राने दिली आणि विश्वकर्म्याने उभारली असेही त्यात म्हटले आहे. राजवाड्याच्या जागी आधी चिनी व्यापारी राहत. त्यांना उठवून दक्षिणेला सांपेंग येथे वसविले. पुढे दक्षिण चीनमधून गलबते भरभरून मजूर आले. ते एका खोलीत अनेकजण दाटीने झोपत. या शहरातील स्वस्त निवासाचा खरा इतिहास तेथून सुरू होतो. पण तो लिहून कोणी ठेवला नाही, कारण झोपणाऱ्यांना लिहायला वेळ नव्हता.

युरोपियन लोकांची गोष्ट निराळी. १८५५ च्या बाउरिंग तहाने सयामचा व्यापार खुला झाला, आणि वकील, व्यापारी, खलाशी नदीकाठी गोळा होऊ लागले. शहरात रस्ते असे नव्हतेच. होते ते कालवे. संध्याकाळी गाडीतून हवा खायला जाता येत नाही म्हणून आमची प्रकृती बिघडते, अशी तक्रार साहेबांनी राजा मोंगकुट याच्याकडे केली! राजाने ती मानली आणि १८६४ पर्यंत चारोन क्रुंग हा रस्ता तयार झाला. खलाशांच्या खाणावळी आणि मद्यालये त्याच परिसरात फोफावली. त्यांतले नदीकाठचे ओरिएंटल हॉटेल पुढे जगप्रसिद्ध झाले. पण ते आपल्या विषयाबाहेरचे, आणि माझ्या खिशाच्या तर फारच बाहेरचे.

मोंगकुटचा मुलगा चुलालोंगकोर्न अठरा वर्षांचा असताना, १८७२ साली, हिंदुस्थान पाहायला आला होता. कलकत्ता, दिल्ली, काशी आणि आपली मुंबईही त्याने पाहिली. त्याआधीच्या वर्षी तो सिंगापूर आणि बटेव्हिया पाहून आला होता. सिंगापूरच्या धर्तीवरच्या, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा इमारतींच्या रांगा त्याच्या काळात बँकॉकमध्ये उभ्या राहिल्या. त्यांना ‘होंग थेव’ म्हणतात, म्हणजे शब्दशः खोल्यांची रांग. गिरगावात वाढलेल्या माणसाला आणखी सांगावयास नको. १९१६ साली हुआ लांफोंगचे मोठे रेल्वेस्थानक सुरू झाले. आसपासच्या अशाच रांगांत चिनी मालकांची हॉटेले होती. एक खाट, एक पंखा, भिंत छतापर्यंत पोचलेली असेलच असे नाही.

स्वस्त हॉटेलांचा दुसरा अध्याय मात्र युद्धाने लिहिला. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन शिपायांना काही दिवस विश्रांतीसाठी बँकॉकला पाठवावे, असा करार १९६७ साली झाला. रातोरात हॉटेले उठली. सोई न्गाम दुफ्ली या गल्लीतले मलेशिया हॉटेल त्याच पिढीचे. १९७५ साली युद्ध संपले, शिपाई गेले, खोल्या रिकाम्या पडल्या, भाडे उतरले. आणि त्या खोल्यांत शिरले ते युद्धाला नाही म्हणणारे लांब केसांचे तरुण! टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने त्याच सुमारास अल्पखर्चात आशिया हिंडण्याची पुस्तके काढली, आणि हॉटेलच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावून सोबती शोधायचा प्रघात पडला. त्या काळी आपल्या देशातून बाहेर पडणाऱ्याला आठ डॉलर हाती मिळत. तेव्हा या मेळ्यात भारतीय चेहरा क्वचितच असायचा.

या भाबड्या विश्वासाचा फायदा घेणाराही एक निघाला. चार्ल्स शोभराज १९७५ साली बँकॉकमध्ये राहून अशा एकट्यादुकट्या प्रवाशांशी मैत्री करी, त्यांना आपल्या घरी उतरवी, आणि मग त्यांतले काही पुन्हा कोणाला दिसत नसत. थायलंडमधील खुनांचा त्याच्यावरचा खटला कधी उभाच राहिला नाही. मुदत टळून गेली. १९८६ च्या मार्चमध्ये तो तिहार तुरुंगातून पळाला, आणि एप्रिलमध्ये गोव्यात पर्वरीच्या एका उपाहारगृहात त्याला पकडला तो मुंबई पोलिसांतील मधुकर झेंडे यांनी. १९७१ साली मुंबईतही त्यांनीच त्याला धरले होते. पुढे नेपाळात त्याला जुन्या खुनाबद्दल शिक्षा झाली. सणासुदीला एवढे पुरे.

तांदूळ आळी नकाशावर आली ती १९८२ साली. राजधानीला दोनशे वर्षे झाली म्हणून मोठा उत्सव झाला. राजवाडा आणि मोठी देवळे तेथून चालत जाण्याच्या अंतरावर. पाहुणे आले, हॉटेले अपुरी पडली, तेव्हा आळीतल्या काही घरांनी माडीवरच्या खोल्या भाड्याने दिल्या. कोणी योजना आखली नाही, सरकारने जाहिरात केली नाही. मुलगा नोकरीला गेला, त्याची खोली मोकळी. मुलगी सासरी गेली, तिची मोकळी. असा हा धंदा. दहा वर्षांत साऱ्या आळीच्या माड्या पाहुण्यांनी भरल्या.

आम्ही उतरलो ते घर आळीच्या पश्चिम टोकाला, वट छना सोंगख्राम या विहाराच्या मागे होते. ‘छना’ म्हणजे जिंकणे आणि ‘सोंगख्राम’ म्हणजे आपला संग्राम. घर सागवानी, दुमजली. खाली मालकीणबाई आणि त्यांचा मुलगा, वर पाच खोल्या. भाडे दिवसाला दीडशे बाथ, हिशोब निघताना. बाईंना सगळी गल्ली ‘पा’ म्हणे. थायीत ‘पा’ म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. दुसऱ्या दिवसापासून हीही त्यांना पा म्हणू लागली. पा केळी आणि नुसता भात हिच्यापुढे ठेवीत. माशाचे पाणी घातल्याशिवाय कोणी जेवू शकते याचे त्यांना राहून राहून नवल वाटे.

सोमवारी सकाळी खाली उतरलो तो मुलगा जिन्याच्या पायरीवर बसलेला. इस्त्रीचा सदरा, गळ्यात टाय, पायांत बूट. पण तो कुठे जात नव्हता. त्याला इंग्रजी चांगले येई. तो एका वित्तकंपनीत कारकून होता, आणि शुक्रवारी, म्हणजे आम्ही उतरलो त्याच दिवशी, सरकारने सोळा वित्तकंपन्यांचा व्यवहार थांबविला होता. त्याची कंपनी त्यांतलीच. “मग कपडे का केलेस?” मी विचारले. तो म्हणाला, “पाला सांगितलेले नाही.”

बुधवारी, २ जुलैला, बाथ मोकळा सोडल्याची बातमी आली. कित्येक वर्षे डॉलरला पंचवीसच्या आसपास बाथ मिळत. तो भाव सरकारने अट्टहासाने धरून ठेवला होता आणि त्यात परकी गंगाजळी आटली होती. गुरुवारी मी नोटा बदलायला गेलो तेव्हा फलकावर अठ्ठावीसच्या वरचा आकडा होता. आमचे सात रात्रींचे भाडे एक हजार पन्नास बाथ. शाळामास्तराने जागच्या जागी गणित केले : आठवड्यापूर्वी यासाठी एक्केचाळीस डॉलर मोडावे लागले असते, आता सदतीस. चार डॉलर वाचले, म्हणजे तेव्हाचे सुमारे दीडशे रुपये! मी आनंदाने हिला सांगितले. ही म्हणाली, “अहो, म्हणजे पांचे तेवढे बुडाले ना?” मी तिला समजावू लागलो, की पांच्या हाती बाथ तितकेच पडणार, बाथांनी बाथच विकत घ्यायचे असतील तर तोटा दिसत नाही. अर्थशास्त्र बरोबर होते. पण मला ते पुरते सांगता आले नाही.

निघायच्या सकाळी मी पैसे मोजून दिले. पांनी ते पुन्हा मोजले, पेटी उघडली आणि वीस बाथांची एक नोट मला परत केली. काय ते कळेना. मुलाने अर्थ सांगितला : मंगळवारी रात्री तुमच्या खोलीतला पंखा बंद होता, त्याचे. माझ्या खिशात वाचलेले चार डॉलर होते. मी नोट परत करू लागलो, तर पांनी हात जोडून मान लववली. मुलगा तसाच सदरा-टाय घालून फाटकापर्यंत आमची पेटी घेऊन आला.

पुढचे वर्तमानपत्रांतून कळले. ऑगस्टमध्ये आणखी बेचाळीस कंपन्या थांबविल्या; डिसेंबरात अठ्ठावन्नांपैकी छप्पन्न कायमच्या बंद झाल्या. जानेवारी १९९८ मध्ये डॉलर छप्पन्न बाथांपर्यंत चढला. जगभरचे प्रवासी तांदूळ आळीकडे लोटले, कारण थायलंड त्यांना अर्ध्या किमतीत पडू लागले होते.

नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना येऊ देण्याचा निर्णय थायलंडने घेतला, आणि त्या डिसेंबरात मी पुन्हा गेलो. या खेपेस एकटाच. हुआ लांफोंगच्या लांबच्या गाड्या त्याच वर्षीच्या जानेवारीत नव्या स्थानकाकडे गेल्या होत्या. आळीच्या दक्षिणेला, राचदमनोन रस्त्यावर, रॉयल हॉटेल पाहिले. मे १९९२ मध्ये लष्करशाहीविरुद्धच्या निदर्शनांत गोळ्या लागलेल्यांवर डॉक्टरांनी तेथल्या दिवाणखान्यातच उपचार केले होते, आणि सैनिक तेथेही शिरले होते. त्या खेपेस आम्ही त्यावरून रोज जात होतो. मला ठाऊक नव्हते.

पांचे घर नव्हते. त्या जागी काचेच्या दाराचे चारमजली हॉटेल होते, खोली नऊशे बाथ. पोऱ्याने पारपत्र मागितले, भ्रमणध्वनीवर नोंद केली. समोर अननस विकणाऱ्या बाईला पांविषयी विचारले. तिच्या शाळकरी नातीने इंग्रजीत सांगितले, की त्यांनी घर विकले त्याला बरीच वर्षे झाली, नदीपलीकडे कुठेतरी गेल्या. मुलाचे तिला माहीत नव्हते.

विहारातला साला मात्र तसाच होता. पाठीवर बोचके घेतलेली दोन पोरे तेथे सावलीत झोपली होती. मी त्यांच्या शेजारी टेकलो आणि अननस खाल्ला. पांनी दिलेली वीस बाथांची नोट पाकिटात होती; अननसाचे पैसे मी दुसऱ्या नोटेने दिले होते.