फोटोतले बाहुबली कुठले?



बाहुबली भगवंतांसमोर काढलेला एखादा जुना फोटो आपल्या बहुतेक घरांत असतो, आणि मूर्ती दिसली की आपण ‘श्रवणबेळगोळ’ म्हणून मोकळ्या होतो. आमच्या वंशावळीच्या पुस्तिकेसाठी आजेसासूबाईंचा असाच काळा-पांढरा फोटो निघाला. सोबत तीन बायका, पुरुष एकही नाही. सगळे म्हणाले, १९६७चा महामस्तकाभिषेक. एकदा छापलं की तेच खरं ठरतं, म्हणून आधी पडताळून पाहिलं.

अभिषेकासाठी मूर्तीमागे उंच मचाण बांधतात. फोटोत ते नाही. पण दर्शनाला इतर वेळीही गेल्या असतील, म्हणून मूर्तीच्या मागे काय आहे ते पाहिलं.

श्रवणबेळगोळच्या मूर्तीच्या पायाशी मराठी शिलालेख आहे, तो आपल्याला ठाऊकच आहे. मूर्ती चामुंडरायाने करवली आणि ‘सुत्ताले’ गंगराजाने, असं त्यात आहे. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीच्या खांबांच्या ओवऱ्या. आमच्या फोटोत मूर्तीमागे ओवऱ्या नाहीत, नुसतं आभाळ आहे.

मग कुठले? आपल्या कुंभोजची २८ फुटी मूर्ती पांढऱ्या संगमरवराची, फोटोतली काळसर. धर्मस्थळची प्रतिष्ठा १९८२ची, आणि आजेसासूबाई गेल्या १९७१ला. वेणूरची १६०४ची मूर्ती नदीकाठी सपाटीवर आहे. फोटोत मात्र बायकांच्या पायाखाली उघडा कातळ, तटाच्या भिंतीवरून वर आलेली मूर्ती आणि भिंतीबाहेर उंच दगडी स्तंभ. हे कारकळ! टेकडीवरची ही ४२ फुटी मूर्ती वीर पांड्य राजाने १४३२ साली स्थापली. समोरचा तो ब्रह्मदेव स्तंभ.

‘माहेर आणि बेळगोळ सोडून त्या कुठे गेल्या नाहीत,’ असं घरात नेहमी म्हटलं जायचं. कारकळ तर घाट उतरून पार खाली, कोकणपट्टीकडे. वंशावळीत त्यांच्या नावापुढे फक्त ‘अमक्यांची पत्नी’ एवढंच होतं. आता त्याखाली ‘कारकळची यात्रा केली’ ही ओळ आली आहे.

सोबतच्या तिघींची नावं सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. म्हणून सांगते, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांजवळ आजच फोटो घेऊन बसा. ठिकाण, साल आणि प्रत्येकीचं नाव पाठीमागे पेन्सिलीने लिहा. ‘अमक्यांची पत्नी’ नको, तिचं स्वतःचं नाव.