कळदार, हाली आणि एक कुलूपबंद फाईल



पैशाच्या पारखीतून आपल्या भाषेत किती शब्द आले आहेत, कधी मोजून पाहिलंय का? माणूस सच्चा असला की आपण म्हणतो, 'खणखणीत नाणं आहे'. घराण्याची अब्रू गेली की 'नावाला बट्टा लागला'. एखाद्याची परीक्षा पाहायची तर त्याला 'कसाला लावायचं'. हे सगळे शब्द सराफाच्या पेढीवरून आपल्या घरात आले. नाणं दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकायचा, कसोटीच्या काळ्या दगडावर घासून रेघ पाहायची, काट्यावर वजन करायचं. झिजलेलं किंवा दुसऱ्या टांकसाळीचं नाणं असलं तर त्यातून काही रक्कम कापून घ्यायची, तो बट्टा. गावगाड्यात हे काम बहुधा सोनाराकडे असे. सरकारी सारा भरताना गावाची नाणी पारखून देणारा तो पोतदार. आज पोतदार आडनावाची मंडळी बँकेत असोत की शाळेत, त्यांच्या आडनावात ती पारख अजून शिल्लक आहे.

आमच्या भागात तर या पारखीशिवाय बाजारच होत नसे. हदगाव तालुका निजामाच्या राज्यात होता. पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. तिथे १८५३ पासून इंग्रजांचा कारभार. नदीच्या अलीकडे हाली रुपया, पलीकडे कळदार. सात हाली म्हणजे सहा कळदार, हा हिशेब शाळेची पायरी न चढलेल्या बाईलासुद्धा तोंडपाठ असे. कापूस विकायला पलीकडे गेलेला शेतकरी कळदार घेऊन येई आणि इथल्या दुकानात हालीत खर्च करी. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या जोखडातून सुटलो, तरी हाली लगेच गेला नाही. काही वर्षं दोन्ही रुपये जोडीने चालले आणि मग हळूहळू हाली गाठोड्यात जाऊन बसला.

हाली रुपया खरा कसा ओळखायचा? कळदार एक तोळ्याचा, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅमचा. हाली त्याहून थोडा हलका, सुमारे ११.१८ ग्रॅम. चांदीही कमी, शंभरात साधारण ब्याऐंशी भाग. कळदारात ती ब्याण्णवच्या जवळपास. हे झालं वजनाचं आणि कसाचं. पण खरी गंमत नक्षीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या हाली रुपयावर चारमिनार आहे आणि चारमिनारच्या दरवाजात एक लहानसं अक्षर आहे. महबूब अली खानच्या काळात 'मीम', उस्मान अली खानच्या काळात 'ऐन'. महबूब अली १९११ मध्ये, हिजरी १३२९ मध्ये गेला. आता समजा एखाद्याने हिजरी १३४० चा रुपया दाखवला आणि त्याच्या दरवाजात मीम आहे, तर काय समजायचं? मेलेल्या निजामाच्या नावाने कुणीतरी घरात टांकसाळ उघडली आहे!

इतिहासात याला काळविसंगती म्हणतात. जुनी सनद हातात आली की अभ्यासक आधी जंत्री काढतात. सनदेवर लिहिलेली तिथी त्या वारी होती का? ज्या अधिकाऱ्याचा शिक्का आहे तो त्या साली त्या जागेवर होता का? इंग्रज संशोधक फ्लीट यांनी तर बनावट ताम्रपटांची लांबलचक यादीच केली होती. मात्र एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. काळविसंगती सापडली तर वस्तू खोटी ठरते, पण विसंगती नाही सापडली म्हणून ती खरी ठरत नाही. हुशार लबाडसुद्धा जंत्री पाहूनच लिहितो.

हे सगळं आज आठवायचं कारण माझा एक जुना विद्यार्थी. तालुक्यात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मध्यंतरी घरी आला आणि म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. तुम्ही जुनं खरं-खोटं ओळखता म्हणून आलो." कुणीतरी त्याला एक फाईल देऊ केली होती. जुन्या संगणकात सापडलेलं बिटकॉइनचं पाकीट, २०११ सालचं, आत ५० बिटकॉइन. पासवर्ड मालक विसरला आहे म्हणून दोन लाखांत द्यायचं. "पासवर्ड फोडला की कोटींचे धनी व्हाल," असं सांगणाऱ्याचं म्हणणं. पोराने सोयाबीनचे पैसे आणि बायकोची पाटली असा हिशेब मांडून ठेवला होता.

बिटकॉइन हा माझा विषय नाही. पण पुण्याला हिंजवडीत असलेल्या धाकट्या भाचीला फोन लावला आणि तीन संध्याकाळी तिच्याकडून शिकवणी घेतली. तिने जे सांगितलं ते ऐकताना मला वाटत होतं, अरे, ही तर आपल्या पोतदाराचीच विद्या!

मी समजलो ते असं. बिटकॉइनचा पत्ता म्हणजे देवळातली काचेची दानपेटी. आत किती पैसे आहेत ते जगातल्या कुणालाही दिसतं, कारण सगळ्या व्यवहारांची वही सर्वांसाठी उघडी आहे. पैसे टाकताही कुणालाही येतात. काढता मात्र ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच येतात. पाकिटाच्या फाईलमध्ये पैसे नसतातच, तिच्यात फक्त ती किल्ली असते. तिचं जुनं नाव 'वॉलेट.डॅट'.

आता लबाडी कशी होते पाहा. बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून नोव्हेंबर २०१२ पर्यंत व्यवहारांचं एक पान वहीत जोडणाऱ्याला ५० बिटकॉइन मिळत. त्यातले कित्येक ढीग आजही जसेच्या तसे पडून आहेत, आणि वही उघडी असल्याने ते कुणीही शोधू शकतं. लबाड असा एक ढीग निवडतो. त्याची जाहीर ओळख आपल्या फाईलमध्ये बसवतो आणि किल्लीच्या जागी काहीतरी अगम्य अक्षरं भरून ठेवतो. संगणकावर फाईल उघडली की पडद्यावर ५० बिटकॉइन झळकतात. किल्ली मात्र कुलूपबंद. आत खरी किल्ली आहे की नुसता लोखंडाचा तुकडा, हे पासवर्डशिवाय कळायला मार्ग नाही. म्हणून तर 'पासवर्ड विसरला' ही गोष्ट या धंद्यात इतकी सोयीची!

मी भाचीला विचारलं, "यात काळविसंगती सापडते का गं?" तिने सांगितलं, सापडते. फाईलला पासवर्डचं कुलूप लावायची सोय सप्टेंबर २०११ मध्ये आली. त्याआधी किल्ल्या उघड्याच असत. किल्लीची जाहीर जोडीदार पूर्वी ६५ बाइटांची असे, २०१२ पासून ३३ बाइटांची आटोपशीर वापरात आली. 'बीसी१' ने सुरू होणारे पत्ते तर २०१७ नंतरचे. म्हणजे २०१० पासून कुणी हात लावला नाही अशा फाईलमध्ये 'बीसी१' पत्ता निघाला, तर तो हिजरी १३४० च्या रुपयावरचा मीम समजायचा. पण इथेही सावधपणा हवा. जुनी फाईल नंतर नव्या आवृत्तीत उघडली गेली असेल तर नवी भर खरोखरच पडलेली असते. जुन्या कागदावर पुढच्या काळातला शेरा असावा तसं. तेव्हा नुसती भर सापडली म्हणून निकाल लागत नाही. मालक सांगतो ती हकीकत आणि फाईल सांगते ती हकीकत जुळते का, हे पाहायचं.

मग दगडावर आपटून आवाज ऐकायची परीक्षा कोणती? ती म्हणजे सही. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला पैसे न हलवता, त्या पत्त्याच्या नावाने एखाद्या वाक्यावर सही करून देता येते, आणि ती सही खरी की खोटी हे कुणीही तपासू शकतं. मात्र वाक्य आपण सांगायचं. आजची तारीख, आपल्या गावाचं नाव, सकाळी काय भाजी केली ते. त्याच्याजवळचं जुनं वाक्य चालायचं नाही.

का चालायचं नाही, याचा मोठा दाखला आहे. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो हे टोपणनाव. क्रेग राइट नावाचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ म्हणू लागले की तो मीच. मे २०१६ मध्ये त्यांनी सातोशीची म्हणून एक सही जाहीर केली. जाणकारांनी ताडून पाहिलं तर ती सही २००९ च्या एका व्यवहारातली, उघड्या वहीतूनच उचललेली! पुढे लंडनच्या उच्च न्यायालयात खटला चालला. मार्च २०२४ मध्ये न्यायमूर्ती मेलर यांनी निकाल दिला की राइट हे सातोशी नाहीत, आणि त्यांनी पुरावा म्हणून आणलेली कागदपत्रं मोठ्या प्रमाणावर बनावट असल्याचंही निकालपत्रात नोंदवलं. इतके कागद रचण्यापेक्षा एक ताजी सही पुरली असती. ती आली नाही, यातच सगळं आलं.

आणि हे सगळं लंडनलाच घडतं असं समजू नका. २०१५ च्या सुमारास 'गेनबिटकॉइन' नावाची योजना निघाली. दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असं आमिष. आपल्या महाराष्ट्रातले पुष्कळ लोक त्यात अडकले. सूत्रधार अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. २०२२ च्या जानेवारीत तो मरण पावला. त्याच वर्षी मार्चमध्ये, तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तंत्रज्ञांनाच पुण्यात अटक झाली. आरोप असा की त्यांनी काही चलन परस्पर वळवलं आणि पाकिटात शिल्लक कमी दिसावी म्हणून पडद्याची छायाचित्रं बदलून दिली. आरोप तो आरोपच, निवाडा न्यायालयाचा. पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरात साठाहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. त्या गावांच्या यादीत दिल्ली, पुण्याबरोबर आपलं नांदेडही होतं.

आता एक फरक सांगतो. त्याने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. हाली रुपया खरा निघाला की प्रश्न मिटला. रुपया तुमच्या मुठीत, तोच त्याच वेळी दुसऱ्याच्या मुठीत असू शकत नाही. फाईलचं तसं नाही. ती खरी असली तरी तिच्या दहा नकला दहा जणांकडे असू शकतात, आणि दहाही नकला तितक्याच खऱ्या. ज्याने आधी पैसे काढले तो जिंकला. म्हणजे नाण्याला एक प्रश्न विचारायचा, फाईलला तीन. किल्ली खरी आहे का? पेटीत अजून पैसे आहेत का? आणि ही किल्ली आणखी कुणाकडे आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारी कसोटी कोणत्याही सराफाकडे नाही.

चौथा प्रश्न मी माझ्या पदरचा घातला. किल्ली खरी असेल तर ती कुणाची? आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. नांगरताना दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. का? तर पुरणाराचा वारस कुठेतरी असेल. सापडलं म्हणून आपलं होत नाही, ही समज त्यामागे आहे. जमिनीतल्या हंड्याला ती लागू, तर दुसऱ्याच्या संगणकातून निघालेल्या किल्लीला का नको?

विद्यार्थ्याला मी एवढंच सांगितलं. विकणाऱ्याला म्हण, कुलूप तुझ्याच घरी उघड आणि मी सांगतो त्या वाक्यावर सही करून दे. तो म्हणेल पासवर्ड नाही. मग म्हण, पासवर्ड फोडून देणारे लोक आहेत, ते निघालेल्या रकमेतला हिस्सा घेतात. त्यांच्याकडे जायचं सोडून कोटींचा माल दोन लाखांत हदगावात का विकतोस? आणि ती फाईल आपल्या संगणकात उघडूही नकोस, फाईलच्या पोटात चोर बसून येतात.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. समोरच्या माणसाने आधी किंमत एक लाखावर आणली, मग पन्नास हजारांवर, आणि सहीचं तिसऱ्यांदा विचारल्यावर फोन उचलणंच सोडलं. पाटली जागेवर राहिली.

मला वाटतं, आपल्या बापजाद्यांना पारख येत होती ती ते फार शिकलेले होते म्हणून नव्हे. पारखल्याशिवाय नाणं घेणं हा त्यांना मूर्खपणा वाटे, आणि 'जरा वाजवून बघू द्या' म्हणताना त्यांना संकोच वाटत नसे. देणाराही रागावत नसे. आज समोरच्याने मोबाईलवर आकडा दाखवला की विचारायची आपल्यालाच लाज वाटते. ती लाज सोडायची आहे, एवढंच.

आमच्या भाचे-पुतण्यांना आणि तुम्हा ब्लॉगवाल्या मित्रांनाही एक विनंती. घरात जुने हाली रुपये असतील तर एकदा चारमिनारचा दरवाजा भिंगाखाली पाहा आणि मीम निघाला की ऐन, ते मला नक्की कळवा. आणि अशी एखादी फाईल कुणी देऊ केली तर पैसे मोजण्याआधी तिला वाजवून बघा.

असो. लिहीत राहीन.