मास्क कोणासमोर काढायचा?

मंडळी, मास्कचा इतिहास आपल्याकडे मास्क नसण्यापासून सुरू करावा लागतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि माणसं गावाकडे पळू लागली. सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला. घरझडत्या झाल्या, रोगी वेगळे काढले. पुण्यात त्यातून रँडचा खून झाला, ते तुम्हाला ठाऊक आहे. या सगळ्या उपायांत लोकांनी तोंड झाकावं हा काही मुख्य उपाय नव्हता.

का नव्हता? आपला प्लेग बहुतांशी गाठीचा. १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं, की तो उंदरावरच्या पिसवेतून येतो. पुढे परळच्या प्रयोगशाळेतल्या कामाने ते पक्कं झालं. तेव्हा उंदीर पडले की घर सोडा, रानात झोपडी बांधा, हा धडा बरोबरच होता.

आता मांचुरियात चला. १९१०-११ च्या थंडीत तिथे सुमारे साठ हजार माणसं गेली. वू लिएन-तेह हे पेनांगचे, केंब्रिजला शिकलेले तरुण डॉक्टर म्हणाले, हा प्लेग फुप्फुसाचा आहे, खोकल्यातून पसरतो; कापूस आणि जाळीदार कापडाची पट्टी बांधा. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही. ते मास्क न लावता रोग्यांकडे गेले आणि थोड्याच दिवसांत वारले. विद्वान माणूस होता, बरं का! मागच्या साथीचं ज्ञान त्यांनी या साथीला लावलं.

म्हणून '२०२० मध्ये लोकांना कळत नव्हतं' हे उत्तर मला आळशीपणाचं वाटतं. लोकांना सांगणारेही चाचपडत होते. निरोग्यांना मास्क नको, असं आधी सांगितलं गेलं. एप्रिलच्या सुरुवातीला आपल्या केंद्र सरकारने घरी शिवलेला वापरा म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांसाठी शिफारस बदलली ती ५ जूनला. कायदा मात्र तोच, १८९७ चा.

आणि आपल्या रत्नागिरीत काय झालं? मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी आले. गावांनी त्यांना शाळेत, मांगरात वेगळं ठेवलं. त्यांच्याशी बोलताना मास्क नाकावर. तोच माणूस चौदा दिवसांनी ओटीवर चहाला बसला, की मास्क हनुवटीवर! शेजारी, मेहुणा, देवळातला गुरव, यांच्यासमोर तोंड झाकणं म्हणजे अविश्वास दाखवणं. बाजारात शिस्त आणि घरच्या लग्नात मोकळीक, असा हिशेब. प्लेगाच्या काळातली जुनी सवयच ती: रोग बाहेरून येतो, वेशीवर अडवायचा. हा विषाणू तर ओटीवरच पसरत होता.

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा ज्ञान आणि आचरण यांतलं अंतर हा माझा जुना विषय. इथे ज्ञान होतं, आचरणही होतं. घोटाळा झाला तो 'परका कोण' या प्रश्नात. स्थानकवासी जैन साधू मुहपत्ती बांधतात ती हवेतल्या जिवांना इजा होऊ नये म्हणून, स्वतःला जपायला नव्हे. आपण मात्र समोरच्याचा संशय म्हणून मास्क बांधला, म्हणून आपल्या माणसासमोर तो काढावासा वाटला.

२०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, राज्यात सक्ती संपली. एसटीत खोकणारा आता पुन्हा तोंड खिडकीकडे करतो, आणि शेजारचा ओळखीचा असेल तर विचारतो, 'काय हो, औषध घेतलंत का?'