न ऐकण्याचे संगीत

गाण्याचे दोनच प्रकार, अशी आमची आपली समजूत होती. एक आवडीनं ऐकायचं आणि दुसरं समोरच्या मांडवात लागलंय म्हणून ऐकावंच लागणारं. तिसरा प्रकार पुतण्यानं घरात आणला. न ऐकण्याचं संगीत! त्याला 'अँबियंट' म्हणतात. ते नुसतं आसपास चालू असतं. आपण पेपर वाचावा, शेंगा सोलाव्यात, भांडावं, त्याची हरकत नसते. एक सूर लागतो. आता दुसरा लागेल म्हणून आपण वाट बघतो, तर पहिलाच अजून संपलेला नसतो. खालून बारीक ठोका सुरू झाला की त्याचंच 'अँबियंट टेक्नो' होतं. म्हणजे नाचायला उठा आणि पडूनही राहा, अशी दुहेरी आज्ञा.

असल्या नव्या तबकड्या दर महिन्याला ढिगानं निघतात आणि पाठोपाठ त्यांची परीक्षणंही. माझी खरी ओढ परीक्षणांची. आपल्या मैफलीचा टीकाकार निदान 'निषाद जरा उतरला' असं काही तरी हातात धरून बोलतो. इथं ज्यात काही घडतच नाही, त्यावर दोन पानं भरायची! मग धुकं येतं, दव येतं, क्षितिज विरघळतं. अशी पाच-सहा परीक्षणं ओळीनं वाचली की छत्री घेऊन बाहेर पडावंसं वाटतं.

या खटाटोपाचा मूळपुरुष एरिक साती हा फ्रेंच गृहस्थ. त्यानं 'फर्निचर-संगीत' काढलं. खुर्चीवर आपण बसतो, तिच्याकडे बघत बसत नाही, तसं संगीत. ८ मार्च १९२० रोजी पॅरिसच्या एका चित्रदालनात, नाटकाच्या मध्यंतरात त्यानं ते वाजवून घेतलं. कृपया लक्ष देऊ नये, अशी विनंती आधीच केलेली होती. वाद्यं सुरू झाली मात्र, गप्पा मारत फिरणारी मंडळी मुकाट्यानं जागेवर येऊन बसली! बोला, फिरा, ऐकू नका, असं ओरडत साती बिचारा लोकांतून धावतोय आणि लोक आपले कान टवकारून ऐकताहेत. साती चुकीच्या देशात जन्मला. आमच्याकडच्या कुठल्याही लग्नातल्या सनईवाल्यानं हा प्रयोग शंभर टक्के यशस्वी करून दाखवला असता, तोही विनंती न करता.

सातीचाच 'व्हेक्सेशन्स' नावाचा पियानोचा एक लहानसा तुकडा आहे. तो ओळीनं ८४० वेळा वाजवायचा झाल्यास काय तयारी लागेल, याची टीप त्यानं वर लिहून ठेवली. थट्टाच असावी. पण १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या अमेरिकन संगीतकारानं ती मनावर घेतली आणि वादकांच्या पाळ्या लावून तो तुकडा अठरा तासांहून अधिक वेळ वाजवून घेतला. तिकीट पाच डॉलर. मात्र जो जितका वेळ बसेल, त्याला दर वीस मिनिटांमागे पाच सेंट परत! मी बँकेतला माणूस, लगेच कागद पुढे ओढला. तासाला पंधरा सेंट, अठरा तासांचे दोन डॉलर सत्तर. मुदतीआधी उठणाऱ्याला आम्हीही दंड करतो. पण मुदत पाळणाऱ्याचीही जवळजवळ अर्धी रक्कम ठेवून घेणारी योजना अजून कुठल्या बँकेला सुचलेली नाही.

'अँबियंट' हे नाव चालवलं ते इंग्लंडच्या ब्रायन ईनोनं. १९७५ साली टॅक्सीची धडक बसून तो अंथरुणाला खिळला होता. एका मैत्रिणीनं अठराव्या शतकातल्या हार्पच्या संगीताची तबकडी आणून दिली. ती गेल्यावर त्यानं कशीबशी ती लावली, आडवा झाला, तर आवाज अगदीच लहान. त्यात एक बाजू बंद. उठायचं त्राण नाही आणि बाहेर पाऊस. पावसात बुडालेली ती हार्प ऐकत तो पडून राहिला. आपल्यातला कोणी असता, तर 'अगं, आवाज जरा वाढव गं' म्हणून स्वयंपाकघराकडे ओरडला असता आणि एक संगीतप्रकार जन्मालाच आला नसता. १९७८ साली ईनोनं विमानतळासाठी म्हणून एक अख्खी तबकडी केली. विमानाची वाट बघणाऱ्याला धीर यावा, हा हेतू. आमच्या एसटी स्टँडवर असा काही प्रयत्न झाल्याचं ऐकिवात नाही.

इथवर सांगून झालं की आमच्या ओळखीतले नाना हटकून म्हणतात, "यात नवीन ते काय? आपल्याकडे तंबोरा आहेच!" विमानापासून वायरलेसपर्यंत सगळंच आपल्याकडे होतं, असं म्हणणाऱ्यांतले हे नाना. पण या खेपेला त्यांना झटकून टाकता येत नाही. मैफल संपल्यावर तबलजीला हार मिळतो, पेटीवाल्याला मिळतो. मागे तीन तास तारा छेडत बसलेल्या मुलीकडे हार घालणाऱ्याचं लक्ष गेलं तर गेलं. तिचं वाजवणं कोणी ऐकत नाही. पण तिनं हात पाच मिनिटं थांबवून बघावा! बुवांच्या खालची सतरंजी ओढल्यासारखं होईल.

शिवाय सातीकडून निघालेल्या या रस्त्यावर अहमदाबाद लागतं, हे नानांनाही ठाऊक नाही. गीता साराभाई या विक्रम साराभाईंच्या भगिनी, पखवाज वाजवणाऱ्या. १९४६ साली त्या पाश्चात्त्य संगीत समजून घ्यायला न्यूयॉर्कला गेल्या. शिकवायला भेटला हाच केज. फी नको म्हणाला. त्याऐवजी तुम्ही मला तुमचं संगीत शिकवा. त्यानं एकदा विचारलं, तुमच्या गुरूंच्या मते संगीत कशासाठी असतं? मन शांत व्हावं आणि ईश्वरी स्पर्शाला मोकळं व्हावं म्हणून, असं बाईंनी सांगितलं. हे उत्तर आपल्याकडे गॅदरिंगचे प्रमुख पाहुणेही देतात आणि आपण ते चहाबरोबर विसरतो. केज ते जन्मभर सांगत राहिला. १९५२ साली त्यानं चार मिनिटं तेहतीस सेकंदांची रचना केली. तीत डेव्हिड ट्यूडर हा वादक पियानोपाशी बसला, झाकण लावलं आणि एकही सूर वाजवला नाही. छपरावरचा पाऊस आणि उठून जाणाऱ्यांची पावलं, हेच त्या दिवशीचं संगीत.

हा ट्यूडर १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आला आणि तिथं त्यानं मूग सिंथेसायझर बसवला. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखं धूड. भोकं आणि त्यांत खुपसायच्या वायरी. त्यावर १९७२ पर्यंत गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी काम केलं. मग फिती संस्थेच्या कपाटात गेल्या. बँकेत दहा वर्षं कोणी विचारलं नाही, की खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जातात. या फितींना चाळीसहून जास्त वर्षं कोणी विचारलं नाही. अखेर पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंतानं त्या शोधल्या आणि २०२३ साली त्यांची तबकडी निघाली. अलीकडच्या 'नव्या' तबकड्यांत माझी आवडती हीच. निघाली तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडलेली होती.

सगळंच ऐकावं असं नाही. नवी स्कूटर घेतलेला माणूस विनाकारण हॉर्न वाजवतो, तसंही काही ठिकाणी चाललंय. पण ट्रंक कॉल लागायला अर्धा दिवस जायचा त्या काळात जोशीपुरांनी 'स्पेस लायनर २००१' सोडलंय! आणि माथुरांच्या एका रचनेचं नाव आहे 'वन्स आय प्लेड अ तानपुरा'. एकदा मी तंबोरा वाजवला होता. या नावापाशी मी बराच वेळ थांबलो. वायरींच्या त्या जंगलात बसून माणसाला मागच्या त्या चार तारा आठवाव्यात, आणि ते सांगायलाही कोणी ऐकणारं नसावं.

मुंबईच्या चरणजित सिंगांना तर ते कपाटही लाभलं नाही. राहुलदेव बर्मनांच्या ताफ्यात वाजवणारा हा माणूस. जपानी रोलंड कंपनीनं एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून एक छोटं यंत्र काढलं होतं, टीबी-३०३. ते चाललं नाही, १९८४ साली बंद झालं. त्याच यंत्रावर सिंगांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. तबकडीही चालली नाही. १९८७ साली शिकागोतल्या पोरांनी तेच यंत्र पिळून 'अ‍ॅसिड हाउस' काढलं आणि जग नाचायला लागलं. २०१० साली एका डच संग्राहकानं सिंगांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा मागची तारीख घातलेल्या चेककडे बघावं तसं लोक बघायला लागले. हे आत्ताच कोणी तरी केलंय, अशी शंका! मग सत्तरी गाठलेले सिंग युरोपात जाऊन ते राग वाजवून आले. २०१५ साली ते गेले.

त्यातला ललत मी परवा सकाळी लावला होता, न ऐकण्याच्या बेतानं, हातात पेपर घेऊन. आई आत भाजी चिरत होती. तिला मूग माहीत तो उसळीचा. थोड्या वेळानं विळीचा आवाज थांबला.

"ललत ना रे हा?" ती आतून म्हणाली. "मग एवढी घाई कसली लागलीय त्याला?"